सांडपाण्यातून वीज? आधी ब्लोअरचं बिल बघा

नाग नदीच्या घाण पाण्यावर अर्धं नागपूर उजळेल असं कोणी म्हटलं की टाळ्या हमखास पडतात. परिसंवाद असो की कॉलेजचं टेक्निकल फेस्ट, पडद्यावर जिवाणूंचं रंगीत चित्र येतं, शेजारी पेटलेला बल्ब येतो आणि सभागृह खूश होतं. त्या जिवाणूंबद्दल मला शंका नाही, ते खरोखर वीज देतात. माझं भांडण त्या बल्बशी आहे. सूक्ष्मजीव इंधन घट, म्हणजे मायक्रोबियल फ्युएल सेल, थोडक्यात एमएफसी, हे तंत्र वीजनिर्मिती म्हणून आपल्या गळ्यात मारलं जातंय, आणि त्या रूपात ते नागपूरच्या काडीच्याही कामाचं नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचं तंत्र म्हणून मात्र काही ठरावीक जागी त्यावर महापालिकेने पैसा लावायला हवा. यातलं काय निवडलं त्यावर पुढचं सगळं ठरतं: निविदेत काय मोजायचं, ठेकेदाराला पैसे कशाचे द्यायचे आणि नापास कोणाला करायचं.

तसं बघितलं तर नागपूरचं सांडपाणी आजही वीज बनवायला हातभार लावतंच आहे, फक्त त्याची जाहिरात कोणी करत नाही. भांडेवाडीला १३० आणि २०० एमएलडीची केंद्रं आहेत (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर). तिथून शुद्ध झालेलं पाणी पाइपने कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांकडे जातं आणि संच थंड ठेवायला वापरलं जातं. जेवढं सांडपाणी तिकडे जातं, तेवढं पेंच धरणाचं गोडं पाणी प्यायला उरतं, आणि महापालिकेला पाण्याचे पैसेही मिळतात. मैलापाण्याला गिऱ्हाईक शोधून त्याला ते विकून दाखवलं, हे या शहराचं खरंच मोठं काम आहे. रंगीत चित्र आणि पेटलेला बल्ब त्याच्यापुढे फिके वाटायला हवेत. वाटत नाहीत, कारण पाइपलाइनचा फोटो काढायला कोणी जात नाही.

आता या घटाकडे येऊ. कल्पना नवी नाही. १९११ साली इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी यीस्ट आणि जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवत असताना विजेचा दाब तयार होतो हे दाखवलं. १९३१ मध्ये बार्नेट कोहेन यांनी असे बरेच घट एकामागे एक जोडून ३५ व्होल्टपर्यंत मजल मारली, पण प्रवाह होता २ मिलिअँपिअर. गुणाकार केला तर ०.०७ वॅट. साधा मोबाइल चार्जर ५ वॅटचा असतो. त्यानंतर विषय थंड पडला, तो १९८७-८८ च्या सुमारास पुन्हा तापला. डेरेक लव्हली यांना अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात जिओबॅक्टर सापडला आणि केनेथ नील्सन यांना न्यूयॉर्क राज्यातल्या ओनाइडा तळ्यात शेवानेला. ऑक्सिजन नसला तरी या जिवाणूंचं अडत नाही. अन्न पचवताना सुटणारे इलेक्ट्रॉन ते पेशीबाहेरच्या लोह किंवा मँगनीजच्या कणांना देऊन टाकतात. १९९९ मध्ये कोरियातल्या बी. एच. किम यांच्या गटाने दाखवलं की त्या कणांच्या जागी कार्बनचा इलेक्ट्रोड ठेवला तर इलेक्ट्रॉन त्यालाही मिळतात, मध्ये कुठलं रसायन घालावं लागत नाही. सांडपाण्याशी या विषयाचं खरं नातं तिथे जुळलं.

रचना समजायला अवघड नाही. एका कप्प्यात सांडपाणी आणि त्यात कार्बनचा अ‍ॅनोड. हवा तिथे शिरू द्यायची नाही. जिवाणू अ‍ॅनोडवर थर धरतात, घाण खातात आणि इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडला देतात. ते तारेतून पलीकडच्या इलेक्ट्रोडकडे, म्हणजे कॅथोडकडे जातात. कॅथोडला हवेतला ऑक्सिजन मिळतो. मधल्या पडद्यातून प्रोटॉन पलीकडे येतात आणि पाणी तयार होतं. तारेतून जे गेलं ती आपली वीज, आणि जिवाणूंनी जे खाल्लं तेवढी सांडपाण्यातली घाण कमी.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून मला बोलावतात. तिथे हा घट हटकून असतो. मध्यंतरी एका नववीतल्या मुलीचा घट फार आवडला. झाकणाला भोक पाडलेल्या लोणच्याच्या दोन प्लास्टिक बरण्या, त्यांना जोडणारा पीव्हीसीचा वीतभर तुकडा आणि त्यात मीठ घालून गोठवलेलं अगार. जुन्या टॉर्चच्या सेलमधून काढलेल्या कार्बनच्या कांड्या. एका बरणीत अशोक चौकाच्या पुलाजवळून आणलेला नाग नदीचा काळा गाळ, दुसरीत नळाचं मिठाचं पाणी आणि फिशटँकचा पंप बुडबुडे सोडतोय. गाळाच्या बरणीचं झाकण तिने मेणाने बंद केलं होतं, तरी वास यायचा तो येतच होता. मल्टिमीटरवर ०.४३ व्होल्ट. मी म्हटलं, आता याच्यावर काहीतरी चालवून दाखव. तिने एक रेझिस्टर लावला आणि आकडा पायरीपायरीने उतरत ०.०६ वर आला. तिच्या सरांचा चेहरा पडला, तिचा नाही. ती म्हणाली, "सर, तीन बरण्या सिरीजमध्ये लावल्या तर वाढते, पण लोड टाकला की एक बरणी उलटीच होते. मायनस दाखवते. मग बाकीच्या दोघींचंबी वाया जाते."

या एका वाक्यात ती बरंच काही बोलून गेली. एका घटाचा दाब सैद्धांतिकदृष्ट्याही १.१ व्होल्टच्या वर जात नाही. प्रत्यक्षात काम करताना तो ०.३ ते ०.५ च्या घरात असतो. एलईडी पेटायलासुद्धा दोनेक व्होल्ट लागतात, म्हणून घट मालिकेत जोडावे लागतात. पण घट जिवंत असल्यामुळे दोन घट कधी सारखे नसतात. ज्याला अन्न कमी पडलं तो कमजोर होतो, आणि बाकीच्यांचा प्रवाह त्याच्यातून ढकलला गेला की त्याची ध्रुवता उलटते. बारा संशोधकांच्या प्रयोगशाळेत हीच अडचण येते आणि लोणच्याच्या बरणीतही. मी तिला पहिला क्रमांक दिला. इतर परीक्षकांना बल्ब पेटलेलं मॉडेल हवं होतं. त्या मॉडेलच्या मागे लपवलेली बॅटरी होती की नाही, हे तपासायची तसदी कोणी घेतली नाही.

आता शहराच्या मापाने हिशेब मांडू. समजा १०० एमएलडी सांडपाणी पूर्णपणे या तंत्राने शुद्ध करायचं आहे. घाण मोजायचं एक माप सीओडी. शहरी मैलापाण्यात तो लिटरला ४०० मिलिग्रॅम धरला तर दिवसाला ४० टन सीओडी येतो. एक किलो सीओडीमध्ये सैद्धांतिकदृष्ट्या जवळपास चार युनिट ऊर्जा असते. म्हणजे रोज दीड लाख युनिट! भाषणांमधला मोठा आकडा इथूनच येतो. गणित बरोबर आहे, पण ही ऊर्जा पाण्यात आहे, तारेत नाही.

तारेत किती येते? किलोभर सीओडीतून सुटणारे सगळेच्या सगळे इलेक्ट्रॉन पकडले, तर सुमारे ३,३५० अँपिअर-तास मिळतात. ०.३ व्होल्टने गुणलं की एक युनिट. चारातले तीन इथेच गेले. आणि सगळे इलेक्ट्रॉन पकडले जात नाहीत, खऱ्या सांडपाण्यात चौथा हिस्सा मिळाला तरी काम बरं चाललं म्हणायचं. बाकीचे पंगतीत न बोलावता येऊन बसलेले जिवाणू फस्त करतात. त्यातले सगळ्यात बेरकी म्हणजे मिथेन बनवणारे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्यांचं फारच फावतं. राहिलं किलोमागे पाव युनिट. ४० टनांपैकी ३२ टन घाण काढली असं धरलं, तर दिवसाचे ८,००० युनिट. कोराडीचा ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालत असेल तर एवढी वीज तो पाऊण मिनिटात तयार करतो.

त्या पाऊण मिनिटासाठी काय उभारावं लागेल तेही बघून घेऊ. खऱ्या मैलापाण्यावर चालणाऱ्या मोठ्या घटांमध्ये इलेक्ट्रोडच्या चौरस मीटरमागे ०.२ वॅट सातत्याने मिळाले तर ते चांगलं समजा. ८,००० युनिट रोज म्हणजे सरासरी ३३३ किलोवॅट, म्हणजे साडेसोळा लाख चौरस मीटरहून जास्त इलेक्ट्रोड. चारशे एकरांच्या वर. टाक्यांमध्ये पडद्यांसारखे उभे लावून ते थोड्या जागेत मावतील, हे कबूल. पण चौरस मीटरला नुसते हजार रुपये धरले तरी १६० कोटींच्या पुढे खर्च फक्त इलेक्ट्रोडचा झाला. एवढ्या पैशात १०० एमएलडीचं प्रचलित केंद्र जवळपास अख्खं उभं राहतं. हजार रुपयात असा इलेक्ट्रोड मिळवून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन, ते वेगळं.

इथे विरोधक म्हणतील, झालं, मग हे खेळणं प्रयोगशाळेतच राहू द्या. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण शीर्षकात दिलेलं आहे.

आज मैलापाणी शुद्ध करण्याची सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी ती मांडली. सोप्या भाषेत, टाकीत हवा फुंकत राहायची. हवेवर जगणारे जिवाणू वाढतात आणि घाण खातात. ती हवा फुंकायला ब्लोअर लागतात आणि ते रात्रंदिवस चालतात. असं केंद्र हजार लिटरमागे ०.३ युनिटच्या आसपास वीज खातं असं धरा (अनेक केंद्रं याहून जास्त खातात). १०० एमएलडीला रोज ३०,००० युनिट. त्यातला साधारण निम्मा हिस्सा एकट्या ब्लोअरचा, म्हणजे १५,००० युनिट. आता शेजारी एमएफसीचा हिशेब ठेवा. तिथे घाण खाणारे जिवाणू हवेशिवाय जगतात. ऑक्सिजन कॅथोडला बाहेरच्या हवेतून आपोआप मिळतो. ब्लोअर लागत नाही. तयार झालेली वीज ८,००० युनिट, वाचलेली १५,०००. जे वाचलं ते मिळालेल्याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि तरी भाषण मिळालेल्यावरच होतं.

दुसरी बचत गाळाची. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजमध्ये जिवाणू भरपेट खातात आणि भरपूर वाढतात. किलोभर सीओडीमागे ४०० ग्रॅमच्या आसपास कोरडा गाळ तयार होतो. आपल्या उदाहरणात रोज बारा-तेरा टन कोरडा. तो कोरडा कधीच नसतो. पाणी पिळून काढल्यावरही साठेक टन ओला चोथा रोज ट्रकमध्ये भरावा लागतो. एमएफसीमधले जिवाणू आपली बरीचशी ऊर्जा इलेक्ट्रोडला देऊन बसतात, म्हणून सावकाश वाढतात. गाळ तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी पडतो. भांडेवाडीच्या आजूबाजूला, पारडीकडे राहणाऱ्या माणसाला विचारा, तुम्हाला काय हवं, आठ हजार युनिट वीज की रोजचे चाळीस टन गाळ कमी? उत्तर ऐकायला थांबायचीही गरज नाही.

अडथळे आहेत आणि ते खरे आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या याटाला इथल्या बिअरच्या कारखान्यात २००७ मध्ये एक घनमीटर आकाराचा प्रयोग झाला. तीन मीटर उंचीच्या बारा नळ्या. बिअरचं सांडपाणी म्हणजे जिवाणूंची चैनच, तरीही पाण्याची वीजवाहकता कमी पडली आणि कॅथोडवर जिवाणूंचा थर वाढत गेला. बरणीतला घट मोठा केला की अंतर वाढतं, अंतर वाढलं की अंतर्गत रोध वाढतो, आणि शक्ती आकाराच्या प्रमाणात वाढत नाही. कॅथोडला प्लॅटिनम लावलं तर परवडत नाही. सक्रिय कार्बन लावला तर परवडतं, पण तो हळूहळू तुंबतो. वर, एमएफसी सेंद्रिय घाण खातो. नायट्रोजन, फॉस्फरस आणि रोगजंतूंचं फारसं काही करत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये शुद्ध पाण्यातला बीओडी (हेही सीओडीसारखं घाण मोजायचं माप) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असावा असं म्हटलं. नुसत्या एमएफसीने तिथवर पोचणं कठीण. पुढे आणखी एक टप्पा लागणारच. त्यासाठी आपल्याच शहरात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड आहे, वनस्पती लावलेल्या पाणथळ वाफ्यातून पाणी गाळायचं तंत्र. त्यालाही वीज जवळपास लागत नाही. १९५८ पासून ही संस्था या शहरात आहे आणि सांडपाणी हाच तिचा मूळ धंदा. या दोन तंत्रांची जोडी नागपुरात लावून बघायला परदेश दौऱ्याची गरज पडू नये.

पडद्याची गोष्टही सांगायला हवी, कारण ती आपल्या अगदी जवळची आहे. प्रोटॉन पलीकडे नेणारा नाफिऑनसारखा पडदा अतोनात महाग. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी त्याऐवजी साधं मातीचं मडकं वापरलं. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून आयन जातात, गाळ जात नाही. २०१० मध्ये त्यांनी राइस मिलच्या सांडपाण्यावर मडक्याचा घट आणि महागड्या पडद्याचा घट यांची तुलना केली, आणि मडकं सरस ठरलं. राइस मिल म्हटलं की विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गोंदिया आणि भंडारा येतात. उकडा तांदूळ बनवणाऱ्या मिलचं आंबलेलं, पिवळट पाणी ज्याने पाहिलं असेल, म्हणजे त्याचा वास घेतला असेल, त्याला त्यात किती घाण असते ते सांगायला नको. आता विचार करा: घाण शहरी मैलापाण्याच्या कितीतरी पट दाट, प्रमाण दिवसाला काही हजार लिटर, पाणी कोमट, आणि मडकं भाजणारा कुंभार तालुक्याच्या गावी हजर. याला म्हणतात जागा. दाट सांडपाणी, थोडं प्रमाण आणि ज्याला एरवी शुद्धीकरणच परवडत नाही असा मालक. दूध संकलन केंद्रं, वसतिगृहं, मोठी भोजनालयं, सार्वजनिक शौचालयं हीही त्याच पंक्तीतली. ब्रिस्टलच्या संशोधकांनी मूत्रावर चालणारे घट बनवले. युगांडातल्या एका मुलींच्या शाळेत त्यावर स्वच्छतागृहातले दिवे लावले. (नुसते दिवेच लावायचे तर सोलर पॅनल आणि बॅटरी आणा, स्वस्त पडेल. तिथलं मोल मूत्र शुद्ध होण्याचं आहे, दिव्याचं नाही. पण फोटो पुन्हा दिव्याचाच छापून आला.)

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सौर वीजही एके काळी परवडत नव्हती, मग तिची किंमत कोसळली. या घटांचंही तसं होईल, आत्ताच नाकं मुरडू नका. पण सौर पॅनलवर पडणारा सूर्यप्रकाश फुकट आणि मुबलक असतो, किंमत उतरायची होती ती फक्त पॅनलची. इथे इलेक्ट्रोड उद्या फुकट मिळाला तरी घटाचा दाब पाऊण-एक व्होल्टच्या पुढे जाणार नाही आणि मैलापाण्यातली घाण दाट होणार नाही. किलोमागे पाव युनिटचं उद्या अर्धं युनिट होईल. त्याने कोराडीचं काही बिघडत नाही. आणि सेंद्रिय घाणीतून वीजच हवी असेल तर त्यासाठी जुना, सिद्ध रस्ता आहे: बायोगॅस. किलोभर सीओडीचा गॅस नीट हाती लागला तर त्यापासून एक युनिटच्या आसपास वीज बनते, म्हणजे एमएफसीच्या चौपट. नेदरलँड्सच्या गात्सा लेटिंगा यांची यूएएसबी पद्धत (बंद टाकीत हवेशिवाय मैलापाणी कुजवून गॅस काढायची) १९८९ मध्येच गंगा कृती योजनेत कानपूरला आली. ऊन असलेल्या देशाला ती चांगली मानवते. तिच्यातही पातळ मैलापाण्याचा बराच मिथेन पाण्यात विरघळूनच बाहेर जातो, म्हणून तीही जादूची कांडी नाही. तरी वीज हेच उद्दिष्ट असेल तर रांगेत एमएफसीच्या पुढे ती उभी आहे.

मग नागपूरने काय करावं? माझ्या यादीत पहिलं काम वीज आणि शुद्धीकरण या दोन्हींपेक्षा छोटं आहे. नदीत किती घाण चाललीय ते मोजायचं आपल्याकडचं रूढ माप बीओडी. नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो, तेव्हा उत्तर येतं. तोवर ते पाणी केव्हाच कन्हानमधून पुढे गेलेलं असतं. रात्री दोनला कोणी नाल्यात सेप्टिक टँकचा टँकर रिकामा केला, किंवा एखाद्या वर्कशॉपने प्लेटिंगचं पाणी सोडलं, तर तीन दिवसांनी आलेलं उत्तर कोणाच्या कामाचं? एमएफसीचा प्रवाह मात्र घाण वाढली की लगेच वाढतो आणि विष आलं की पडतो. किम यांच्या गटाने २००३ मध्ये असा बीओडी सेन्सर पाच वर्षांहून अधिक काळ चालल्याचं नोंदवलं आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी २००८ मध्ये पोटोमॅकच्या गाळात इलेक्ट्रोड पुरून हवामान मोजणारा एक तरंगता बॉया त्या विजेवर चालवून दाखवला. म्हणजे मोजणारा आणि मोजायला लागणारी वीज देणारा, दोन्ही घट गाळातच बसू शकतात. गाळाची नाग नदीत कमतरता नाही. ठरावीक पुलांखाली, पिवळी नदीच्या संगमाजवळ आणि शहर संपतं तिथे असे सेन्सर बसवायला लागणारा खर्च मोठ्या प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ आहे. एकच सूचना: दर उन्हाळ्यात नदी सफाईला उतरणाऱ्या पोकलेनच्या ऑपरेटरला ते कुठे पुरलेत हे आधी सांगून ठेवा.

दुसरं, भांडेवाडीच्या एखाद्या केंद्रात येणाऱ्या पाण्याचा छोटा फाटा काढून तिथे वर्षभर घट चालवावेत. वर्षभर, कारण मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं नागपूर आणि जानेवारीतलं दहा अंशांचं नागपूर ही जिवाणूंसाठी दोन वेगळी गावं आहेत. युरोपातल्या थंड मैलापाण्याचे आकडे आपल्याला लागू नाहीत, आपल्या बाजूने नाहीत आणि विरोधातही नाहीत. करारात युनिटचा उल्लेखच नको. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती, हजार लिटरमागे वीज किती वाचली, गाळ किती किलो कमी झाला आणि इलेक्ट्रोड धुवायला किती वेळा थांबावं लागलं, एवढंच मोजावं. आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत, वाईट असले तरी.

आणि तिसरं, जे सगळ्यात कंटाळवाणं आहे. शहरातलं बरंचसं मैलापाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही. ते पावसाळी गटारांतून, नाल्यांतून थेट नदीत उतरतं. अंबाझरीच्या सांडव्यापासून पारडीपर्यंत नदीच्या काठाने चाललं तर डाव्या-उजव्या बाजूने मिळणारे ओहोळ डोळ्यांना दिसतात. नदीच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्राने मंजूर केलेला प्रकल्प दोन हजार कोटींच्या आसपासचा आहे आणि त्यातलं कळीचं काम हेच, हे ओहोळ अडवून गटारवाहिनीत घालायचं. जे पाणी अडवलंच नाही ते ना ब्लोअर शुद्ध करणार ना जिओबॅक्टर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये तळमजल्यांत पाणी शिरलं. घरांत जे शिरलं ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं, हे त्या घरांनी नंतर फरशा घासताना पाहिलं. तेव्हा नव्या तंत्राच्या नावाने जो पैसा मागितला जाईल तो वाहिन्यांच्या कामातून कापून घेतलेला नसावा, ही माझी अट आहे. सेन्सर आणि भांडेवाडीचा प्रयोग यांना लागणारी रक्कम संशोधनाच्या निधीतून यावी.

नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन साचतं. भंडारा आणि पवनीच्या बाजूचे लोक काळ्या पाण्याची तक्रार गेली कित्येक वर्षं करताहेत. त्यांच्या नगरपरिषदा वेगळ्या, मतदारसंघ वेगळे, आणि आपल्या परिसंवादांना त्यांना कोणी बोलवत नाही. एमएफसीवरच्या पुढच्या कार्यक्रमात व्यासपीठावर एक खुर्ची पवनीच्या एखाद्या मच्छीमाराला द्या. त्याला किती युनिट वीज झाली ते सांगा आणि मग तो काय विचारतो ते ऐका. मला वाटतं तो बीओडी हा शब्द न वापरता बीओडीबद्दलच विचारील.